राहिलेले सात शब्द

लातूरच्या त्या क्लासमध्ये जूनच्या पहिल्या दिवशी बिराजदार सर हजेरी संपवायचे, वही मिटायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "हदगावचं कोण आहे?"

दोन-चार हात वर व्हायचे.

"तुमच्याकडं गंगाधर नावाचा माणूस आहे का? कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचा. मूळचा आमच्या औसा तालुक्यातला. आईचं नाव सोजरबाई."

मुलं एकमेकांकडे बघायची. नाही म्हणायची. सर मान हलवायचे, खडू उचलायचे आणि फळ्यावर 'तरंग' असा शब्द लिहायचे. दरवर्षी हे असंच चाले. वर्ग भरायचा ती जागा पूर्वी डाळीचं गोदाम होती. दुपारी पत्रे तापले की भिंतींतून तुरीचा वास यायचा आणि दीडशे मुलं अर्धवट झोपेत भौतिकशास्त्र शिकायची. गणितात न सापडलेल्या राशीला ती आपसांत 'गंगाधर' म्हणत. "ए, तुझा गंगाधर किती आला?" एकदा हे सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "परीक्षेत मात्र एक्सच लिहा. तपासणाऱ्याला गंगाधर माहीत नसणार."

त्यांना गंगाधरला एक निरोप द्यायचा होता. खरं तर निरोप किल्लारीच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीच पाठवला गेला होता. त्यातले कामाचे सात शब्द द्यायचे राहिले होते.

मी तेव्हा लातूरच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. सरांच्या गल्लीतच राहायला. वीरभद्र बिराजदार हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले, बिनतारी संदेशाच्या कामावर आयुष्य गेलेले, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या कडुलिंबापर्यंत एक तांब्याची तार ताणलेली असे. हौशी रेडिओचा परवाना त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला होता, लोक देवाचा फोटो लावतात तिथं. शेजारच्या नागरबाई त्या तारेकडे आशेनं बघत.

"ओ सर, तुमच्या तारंवर एक चादर टाकली तर कुनाचं बोलनं अडतं का?"

"अडत नाही, वहिनी. ओलं होतं."

नागरबाईंना हे खरं वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं की त्या तारेला हात लावू नका, आतून माणसं बोलत असतात.

सर फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. आपलं नाव सांगत, मग थांबत. समोरच्याचं बोलून झालं की पुन्हा थांबत, मनात पाच आकडे मोजल्यासारखे. गल्लीतल्या लोकांना वाटे फोन कट झाला. कपडे वाळत घालायची दोरी असो की लग्नातली वायर, हात आणि कोपर यांच्यामध्ये आठाच्या आकड्यात गुंडाळत, म्हणजे उलगडताना पीळ पडत नाही. डावा कान इंजिनांनी नेला होता, त्यामुळे ऐकताना मान कलती. अनोळखी माणसाला वाटे, ते आकाशात काही शोधत आहेत. पुष्कळदा ते खरंही असे. विमानाचा आवाज आला की बोलता बोलता गप्प होत आणि आवाज विरेपर्यंत तसेच राहत.

विमानातल्या दिवसांबद्दल ते क्वचित बोलले. एकदा गच्चीवर संध्याकाळी, तार सैल झाली होती ती ओढताना, आपण होऊन बोलले. डोंगराच्या अलीकडे एक ठाणं होतं, पलीकडे दुसरं. मध्ये कडा. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जात नसे. मग एक मालवाहू विमान दोघांच्या वर तासन्‌तास गोल फिरत राही. खाली ढगांची दुलई, तिच्यावर विमानाची लहानशी सावली, सावलीभोवती इंद्रधनुष्याचं कडं. आत बिराजदार, कानावर हेडफोन. अलीकडचा बोलला की ते ऐकून पलीकडच्याला सांगायचे, पलीकडचा बोलला की अलीकडच्याला.

"खांबाचं बरं असतं," ते म्हणाले. "खांब रोवला की रोवला. आमचा खांबच उडत असायचा. त्यात खालचे लोकही जागा बदलत. दर थोड्या वेळानं ज्यानं त्यानं सांगायचं, मी इथं आहे, मी इथं आहे. कोणाचं ऐकू येतंय, कोणाचं नाही, यावर वाट ठरायची. खालच्या दोघांना वाटे ते एकमेकांशी बोलतायत. मध्ये आम्ही आहोत हे त्यांच्या गावीही नसे."

"वाईट नाही वाटायचं?"

"छे. झोपेत कोणी दोघं बोलत असावीत आणि आपण पाण्याखालून ऐकावं, तसं वाटायचं. फार छान." मग लगेच कोरडेपणानं, "फक्त शब्द कमी वापरायचे. एक बोलत असला की बाकी सगळे मुके. लागतं तेवढं ठेवायचं, उरलेलं गाळायचं. मी चांगला गाळायचो. माझ्या तुकडीत माझ्याइतका कोणी गाळत नव्हता."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. ते भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात.

भूकंप झाला त्या सकाळी मी औशाला पोचलो तेव्हा सर तिथं आधीच होते. एका ओळखीच्या डॉक्टरांची जीप, तिच्यात सेट, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, तारेचं भेंडोळं. किल्लारीकडचे टेलिफोन बंद पडले होते. पोलिसांचा बिनतारी संच सरकारी कामानं भरून गेला होता. तहसीलच्या आवारात जमलेले लोक त्यांना सांगत होते, किल्ल्यावर चढा, तिथून लांब जाईल.

"किल्ला खळग्यात बसलाय," सर म्हणाले. "चारी बाजूंनी जमीन त्याच्यापेक्षा उंच आहे. शत्रूला दिसू नये म्हणून बांधला तसा. तो लपायला चांगला. बोलायला बाजार समितीची पाण्याची टाकी बघा."

टाकीवर तार चढली. पहिला आवाज आला तो नांदेडच्या सलीमभाईंचा. सलीमभाईंचं देगलूर नाक्याकडे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांची ओळख चार वर्षांची, पण समोरासमोर गाठ पडलेली नव्हती. मी सरांना म्हणालो, माझी बातमी नांदेडमार्गे पाठवता का? त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ही वाट माणसं शोधायला आहे. बातमीचं काय, ती सगळ्यांना कळणारच आहे."

दुसऱ्या दिवशी जीप गावोगाव फिरू लागली. मी मागे बसलो. गावांबद्दल इथं लिहीत नाही, ते मी तेव्हा लिहिलं आहे. आता आठवतं ते एवढंच की धूळ खाली बसतच नव्हती आणि तिच्यातून उन्हाला दुधासारखा रंग आला होता. माणसं त्या दुधातून चालत येत, जीपपाशी थांबत, नावं सांगत. सर लिहीत, पाठवत. सलीमभाई उतरवून घेत आणि ज्या गावाची एसटी असेल तिच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देत.

एका गावाच्या शाळेच्या मैदानात सोजरबाई आल्या. पन्नाशीच्या. कपाळावर कोणीतरी बांधलेली पट्टी. त्या बसल्या नाहीत, उभ्यानंच बोलल्या. माझ्या वहीत त्यांचं बोलणं आहे तसं आहे, कारण आम्हाला तसं उतरवायची शिस्त होती.

"गंगाधरला सांगा. हदगावला हाय, सासऱ्याच्या घरी. म्हनावं, तुजा बाप गेला. मी हाय. म्हस सुटून पाटलाच्या मळ्याकडं गेलीय, तिला धराया कुनी न्हाई. पान्याचा टँकर आलाय, खायाचं भेटायलंय, काळजी करू नको. येऊ नको म्हनावं, सुनेचे दिवस भरल्यात, तिला एकटी टाकू नको. आन्‌ आत्याला कळवा म्हनावं, आत्याचा पत्ता त्याच्यापाशी हाय."

त्यांच्यामागे रांग होती. एक बॅटरी उतरत आली होती. सरांनी माइक तोंडाशी धरला आणि सवयीनं गाळलं. सलीमभाईंना गेलं ते असं: वडील गेले. आई सुखरूप. येऊ नको. आत्याला कळव.

तिसऱ्या दिवशी सलीमभाईंचा आवाज आला. "सर, हदगाव का निरोप दिया. खुद कंडक्टर के सात गया मैं. आदमी चिठ्ठी पढ्या, घडी किया, खिशात ठेवली. बस."

सरांनी वेळ टिपली. त्यांच्या हिशेबी काम पूर्ण झालं होतं.

महिन्याभरानं ते पत्र्याच्या शेडमध्ये सोजरबाईंना भेटायला गेले. कोणी सांगितलं म्हणून नाही. ज्यांचे निरोप पाठवले त्यांना एकदा बघून यावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. मी सोबत होतो. सोजरबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

"त्यो आला न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच येऊ नको म्हणालात, बाई."

"म्हनले की. पर बाळंतपन झाल्यावं यील असं वाटलं." मग त्यांनी जे सांगितलं ते चुलीकडे बघत सांगितलं. गंगाधर घरजावई होऊन हदगावला गेला, तेव्हा बापलेकांचं भांडण झालं. बाप भर चौकात म्हणाला, सासऱ्याच्या दारात राहतोस तर मी मेलो तरी माझ्या दारात येऊ नको. "बापाचं बोलनं होतं त्ये. माझं न्हवतं. म्हनून तर मी सुनेचं सांगितलं. न्हाईतर पोराला वाटंल आईबी बापाचंच बोलायली."

सर काही वेळ थांबले. पाच आकड्यांपेक्षा फार जास्त वेळ. मग म्हणाले, "बाई, सुनेचं मी पाठवलंच नाही."

"का वो?"

"गाळलं. वेळ नव्हता. तेवढं लागणार नाही असं वाटलं."

शेडवर वारा आला आणि पत्रे एकदम वाजले. मी शिव्यांची वाट बघत होतो. सोजरबाईंनी लाकूड आत सारलं.

"मंग पुना सांगा की," त्या म्हणाल्या. "राहिलेलं तेवढं."

पुढच्याच आठवड्यात सर हदगावला गेले. सासऱ्यानं दारातूनच सांगितलं की जावयाचं आणि त्याचं पटलं नाही, बायको आणि तान्ही पोर घेऊन तो निघून गेला, कुठं ते ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. बाजारात कोणी म्हणालं, इथल्याच कुठल्या तरी जिनिंगवर असेल, दुसरं काम त्याला येत नाही. सरांनी ते धरून ठेवलं. सलीमभाईंनी नांदेडच्या जिनिंगवर चौकशी केली. काही लागलं नाही.

या सगळ्यात लातूर बदलत गेलं. डाळीच्या गोदामांत बाकं आली, घरांवर मजले आणि मजल्यांवर हॉस्टेलं चढली. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यातलं पोर डॉक्टर व्हायला इथं येऊ लागलं. एका क्लासवाल्यानं सरांना तरंग आणि वीज शिकवायला बोलावलं. ते जातील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं म्हणे, "तुमच्याकडं हदगावची मुलं येतात का?"

गाळणारा माणूस आता गाळत नसे. प्रश्न वाचायचा तर पूर्ण, स्वल्पविरामासकट. घाईची मुलं वैतागत. "सर, घर्षण शून्य हे सोडून द्या ना, ते नेहमीच असतं."

"असू द्या. वाचा. काय सोडायचं ते वाचून झाल्यावर ठरवू."

संध्याकाळी हॉस्टेलच्या रांगेतल्या टेलिफोन बूथवर मुलांच्या रांगा लागत. सर फिरायला निघाले की तिथं रेंगाळत. काचेच्या खोक्यात एकेक मूल, ओठ हलतायत, आवाज बाहेर येत नाही. कोणाचं गाव परभणीकडं, कोणाचं बिलोलीकडं. रस्त्यावर दिवेलागणीची निळी धूसर हवा असे आणि ती सगळी खोकी तिच्यात तरंगत असल्यासारखी दिसत. "ऐका," ते मला म्हणाले, "सगळी एकच सांगतायत. मी इथं आहे."

सोजरबाई पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला गेल्या. सर दिवाळीनंतर एकदा त्यांच्याकडे जात. त्या विचारत नसत, चहा करत. एका वर्षी मात्र म्हणाल्या, "माजं डोळं जायल्यात, सर. त्यो आला तर दिसंल तवर बरं."

त्या वर्षीच्या जूनमध्ये सरांनी वर्गाला नेहमीचा प्रश्न केला. हात वर झाले, माना हलल्या. सरांनी खडू उचलला. तेव्हा मुलींच्या बाजूनं एक मुलगी उभी राहिली.

"सर, मी हदगावची नाही. अर्धापूरची आहे. पण आमच्या केळीच्या गाड्या भरायला एक गंगाधरमामा येतात. औशाकडचे आहेत म्हणतात. गावाचं नाव काढलं की उठून जातात."

वर्ग हसला. मग सरांचा चेहरा बघून थांबला.

त्यांनी त्या दिवशी तरंग शिकवले नाहीत. मला रस्त्यात गाठून म्हणाले, "बारा वर्षं मी हदगाव हदगाव करत बसलो. विमान हलतं, ठाणं हलतं, हे मला पगार देऊन शिकवलं होतं. माणूस हलतो हे मुलीनं सांगितलं." माझ्याकडून जुनी वही मागून घेतली आणि सोजरबाईंचं बोलणं अक्षर न अक्षर कागदावर उतरवून घेतलं, म्हशीसकट.

अर्धापूरला काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. केळीच्या बागेच्या कडेला ट्रक उभा होता. हिरवा अंधार, पानांचा ओला वास. गंगाधर घड खांद्यावर घेऊन येत होता, ट्रकमध्ये पेंढ्यावर निजवत होता. सरांनी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"चिठ्ठी तुमीच धाडली व्हती?"

"मीच. अर्धी धाडली. पूर्ण आणलीय."

"आता काय उपेग?"

सरांनी वाचलं. टँकर, म्हैस, मळा, सगळं. 'सुनेचे दिवस भरल्यात, तिला एकटी टाकू नको' इथं आल्यावर गंगाधरचा हात घडावर तसाच राहिला.

"पुना वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"आई बोलली असं?"

"शब्दाला शब्द."

"पोरगी त्याच आठवड्यात झाली," गंगाधर म्हणाला. मग त्यानं उरलेला ट्रक भरला. ट्रक भरेपर्यंत सर बांधावर बसून होते. जाताना त्यानं विचारलं ते एवढंच की गाव नवीन बांधलंय म्हणतात, तर घर कसं ओळखायचं.

तो लगेच आला नाही. पोळा गेला, दसरा गेला. मला वाटलं, उशीर झाला असावा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते औशाच्या बसस्थानकावर. सोयाबीनच्या भावाची बातमी करून मी परतीच्या गाडीची वाट बघत होतो. सर बाकावर बसलेले. शेजारी धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांतला एक मजबूत माणूस, मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. गावाकडची गाडी लागली तेव्हा तो उठला. सर उठले नाहीत.

"तुमी न्हाई येत?"

"मी कशाला? तुम्ही दोघं बोला."

गाडी गेली. लातूरची गाडी फलाटावर उभी होती. मी सरांना चला म्हणालो. त्यांनी हातानं नको अशी खूण केली. म्हणून मीही थांबलो. ती गाडी गेली, तिच्यामागची गेली. दुपार कलली. स्थानकातली धूळ सोनेरी होऊन हवेत अडकून राहिली होती आणि तिच्यातून माणसं पोहल्यासारखी ये-जा करत होती. सर मान कलती करून रस्त्याकडे बघत होते. त्यांना कशाची वाट होती ते मला तेव्हा कळलं. तीच गाडी गावाला पोचून उलटी येणार होती. गंगाधर दारातूनच मागं फिरला असेल तर तिच्यातच असणार.

गाडी आली. माणसं उतरली. भाजीची टोपली, दोन शाळकरी पोरी, एक म्हातारा. मग कोणी नाही. सर बाकावरून उठून दारापाशी गेले.

"कंडक्टर, पांढऱ्या कपड्यातला एक पाहुणा होता, अर्धापूरचा."

"त्यो व्हय? उतरला न्हवं तिकडंच. म्हातारी पारावं बसली व्हती, तिलाच तिचं घर इचारत व्हता येडा. मंग काय, दोघंबी तितंच."

"परत येताना नव्हता?"

"न्हाई वो. गाडी सुटली तरी खालीच बसलेला. मी घंटी मारली, बघितलंबी न्हाई."

सरांनी मान हलवली. लातूरची पुढची गाडी लागली होती. ते तिच्यात चढले, खिडकीपाशी बसले, आणि मी तिकीट काढून वळतो तोवर काचेला डोकं टेकून झोपून गेले होते.